‘व्हाय सो सीरियस?’ मोहिमेचा अभ्यास : प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२५

प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. ‘सुपरहिरो चित्रपटांची जाहिरात’ असा मोघम विषय घेतला असता, तर पोस्टर, ट्रेलर आणि कलाकारांच्या मुलाखती यांची जंत्री करण्यापलीकडे काही हाती लागले नसते. म्हणून मार्गदर्शक मॅडमशी बोलून एकच मोहीम निवडली आहे. १८ जुलै २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘द डार्क नाईट’ या बॅटमॅनपटासाठी वॉर्नर ब्रदर्सने ‘फॉर्टी टू एंटरटेनमेंट’ या कॅलिफोर्नियातील कंपनीकडून जी मोहीम करून घेतली, ती ‘व्हाय सो सीरियस?’ या नावाने ओळखली जाते. मे २००७ मध्ये सुरू झालेली ही मोहीम थेट प्रदर्शनापर्यंत चालली. ती संपूर्ण झाल्यामुळे, आणि तिच्यावर भरपूर लिहिले गेल्यामुळे, आज तिच्याकडे तटस्थपणे पाहता येते. अजून प्रदर्शित न झालेल्या चित्रपटाच्या बाबतीत ते शक्य नसते, कारण तिथे हवा आणि वस्तुस्थिती यांची सरमिसळ झालेली असते.

प्रश्न असा ठरवला आहे : बॅटमॅनच्या चाहत्यांना उत्सुकता होतीच, तर मग या मोहिमेने त्या उत्सुकतेकडून नेमके कोणते काम करून घेतले?

१६ जानेवारी २०२५

कालपटाची पहिली नोंद मे २००७ ची आहे. हार्वी डेंट या पात्राच्या निवडणूक प्रचाराचे एक संकेतस्थळ उघडले गेले आणि त्यावर उमेदवाराचे एक साधे पोस्टर होते. चित्रपटाची जाहिरात म्हणून त्याच्याकडे पाहावे असे त्यात काहीही नव्हते. पाठोपाठ काही कॉमिक्सच्या दुकानांत जोकरचे पत्ते सापडू लागले आणि त्यांवरून चाहते जवळपास त्याच नावाच्या दुसऱ्या पानावर पोहोचले. तिथे तेच पोस्टर होते, पण विद्रूप केलेले : डोळ्यांभोवती काळे फासलेले आणि ओठांवर लाल रंग ओढलेला.

या दुसऱ्या पानाची यंत्रणा मी आज तपशिलात समजून घेतली. चाहत्याने आपला ई-मेल पत्ता दिला की त्या पोस्टरमधला एक ठिपका नाहीसा होई आणि त्याच्या मागे दडलेल्या चित्राचा तेवढाच भाग दिसू लागे. एका माणसाच्या कृतीने दिसण्याजोगे काहीच घडत नसे. हजारो जणांनी पत्ते दिल्यावर मात्र चित्रपटात जोकर या खलनायकाची भूमिका करणाऱ्या हीथ लेजरचा त्या वेशातला पहिला अधिकृत चेहरा हळूहळू उघडा पडला. चित्र पूर्ण झाल्यानंतर थोड्याच अवधीत ते काढून घेतले गेले आणि त्या जागी ‘पान सापडले नाही’ अशा धाटणीचे काळे पान आले. त्या काळ्या पानावरचा मजकूर माऊसने निवडला की हास्याच्या अक्षरांची रांग उमटे आणि तिच्या मध्येच डिसेंबरमध्ये भेटू असा निरोप लपलेला असे.

हेच चित्र स्टुडिओने एखाद्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर दिले असते, तरी ते जगभर पोहोचले असते. इथे ते चाहत्यांनी ‘मिळवले’, आणि मिळवलेली गोष्ट माणूस इतरांना दाखवल्याशिवाय राहत नाही. दुसरी बाजूही नोंदवायला हवी. प्रत्येक ठिपक्याची किंमत एक ई-मेल पत्ता होती. चाहत्याला जे कोडे वाटत होते, ते कंपनीच्या दृष्टीने संपर्कयादी तयार करण्याचे साधनही होते आणि पुढील सर्व टप्प्यांची निमंत्रणे पाठवायला अशा यादीचाच उपयोग होतो. या मोहिमेच्या कौतुकपर लेखांत ही बाब सहसा ओझरती येते. माझ्या अहवालात तिला स्वतंत्र परिच्छेद देणार आहे.

२४ जानेवारी २०२५

पार्श्वभूमीचे प्रकरण. फार लांबवायचे नाही, पण दोन गोष्टी आवश्यक आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे बॅटमॅनच्या चाहत्यांचा हक्क सांगण्याचा स्वभाव. १९८९ च्या ‘बॅटमॅन’साठी मायकेल कीटन या प्रामुख्याने विनोदी भूमिका करणाऱ्या नटाची निवड झाली, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे ५०,००० पत्रे आली होती. २००६ च्या उन्हाळ्यात जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजरचे नाव जाहीर झाले, त्या वेळीही अनेकांनी नाके मुरडली. म्हणजे मोहिमेपुढे असलेला प्रेक्षक निरिच्छ नव्हता. उलट तो अतिजागरूक होता आणि काहीसा रुसलेलाही होता. अशा प्रेक्षकाला ‘चित्रपट उत्तम आहे’ असे सांगून उपयोग नसतो. त्याला काहीतरी करायला देणे हा त्याहून शहाणा मार्ग होता, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे या खेळाची परंपरा. वास्तव जगातल्या फोन, पत्रे, संकेतस्थळे यांच्या आधारे कथा पुढे नेणाऱ्या आणि खेळाडूंना ‘हा खेळ आहे’ असे कुठेही न सांगणाऱ्या प्रकाराला अल्टरनेट रिअॅलिटी गेम म्हणतात. २००१ मध्ये ‘ए. आय.’ या चित्रपटासाठी असा मोठा खेळ झाला होता. २००४ मध्ये ‘हेलो २’ या व्हिडिओ गेमसाठी फॉर्टी टू एंटरटेनमेंटनेच ‘आय लव्ह बीज’ हा खेळ रचला, ज्यात खेळाडूंना ठरलेल्या वेळी ठरलेल्या सार्वजनिक टेलिफोनपाशी पोहोचून तो उचलावा लागे. कंपनीला माणसे रस्त्यावर उतरवण्याचा सराव आधीपासून होता, आणि या मोहिमेत पुढे सॅन डिएगो शहरात जे घडले, ते त्याशिवाय समजत नाही.

३ फेब्रुवारी २०२५

सॅन डिएगो, जुलै २००७. दरवर्षी भरणाऱ्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळ्यात एक डॉलरच्या काही नोटा फिरू लागल्या. नोटेवरच्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेहऱ्याला जोकरसारखे रंगवलेले होते आणि सोबत ‘व्हाय सो सीरियस?’ हे शब्द होते. तोच संकेतस्थळाचा पत्ता होता. तिथे गेल्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळ मिळाली. त्या जागी जमलेल्यांच्या डोक्यावरून विमानाने आकाशात धुराने एक फोन क्रमांक लिहिला. त्यापुढे जमलेल्यांनी चेहरे रंगवले, शहरभर सुगावे शोधले आणि घरी संगणकापुढे बसलेल्यांनी त्यांना साथ दिली. खेळाच्या शेवटी बक्षीस म्हणून टीझर पाहायला मिळाला.

इथे माझ्या तक्त्याचा साचा ठरला. मी तीन रकाने केले आहेत : काम कोणी केले, ते कोणी पाहिले, आणि मोबदला काय मिळाला. पहिल्या रकान्यात नेहमी मूठभर माणसे येतात, दुसऱ्यात अफाट गर्दी येते, आणि मोबदला मात्र दोघांना एकच असतो : नवे चित्र, नवा आवाज किंवा टीझर, जो एकदा उघडला की सर्वांसाठी खुला होतो. धावणाऱ्याला वेगळे काय मिळते, तर ‘मी तिथे होतो’ हे सांगण्याचा मान. स्टुडिओच्या दृष्टीने हा हिशेब फार स्वस्तात पडतो. मूठभरांसाठी विमान भाड्याने घेतले, तरी त्याचे छायाचित्र पाहणाऱ्यांसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

हॅलोविनच्या टप्प्यालाही हाच साचा लागू पडतो. ३१ ऑक्टोबर २००७ च्या सुमारास अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांतील ठरावीक जागी जाऊन तिथे दडलेले सुगावे छायाचित्रात टिपायचे होते. सगळ्या शहरांतील तुकडे जुळल्याशिवाय कोडे सुटत नव्हते, त्यामुळे एका शहरातील चाहता दुसऱ्या शहरातील अनोळखी चाहत्यावर अवलंबून राहिला. कोडे सुटल्यावर जोकरचे नवे छायाचित्र आणि चित्रपटातील त्याच्या आवाजाचा तुकडा मिळाला.

याच टप्प्यातला एक तपशील मला विशेष आवडला. शिकागोत चित्रीकरण चालू असताना गुप्ततेसाठी चित्रपटाला ‘रोरीज फर्स्ट किस’ हे खोटे नाव दिलेले होते आणि चाहत्यांना ते केव्हाच कळले होते. मोहिमेने त्या फुटलेल्या गुपिताकडे काणाडोळा केला नाही. ‘रोरीज डेथ किस’ नावाचे नवे संकेतस्थळ काढून चाहत्यांना तिथे जोकरच्या वेशातली आपली छायाचित्रे पाठवायला सांगितले आणि पाठवणाऱ्यांना ‘द गॉथम टाइम्स’ या काल्पनिक वृत्तपत्राचा छापील अंक टपालाने घरी आला. पुढे त्याच वृत्तपत्राची जोकरने लाल शाईने रेघोट्या ओढून बिघडवलेली आवृत्तीही निघाली.

९ फेब्रुवारी २०२५

आजची नोंद लांबणार, कारण डिसेंबर २००७ च्या केकची हकिकत हा या सगळ्या मोहिमेचा गाभा आहे असे माझे मत बनत चालले आहे.

संकेतस्थळावर अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांतील २२ पत्ते झळकले. प्रत्येक पत्त्यावर जाऊन ‘रॉबिन बँक्स’ या नावाने ठेवलेले पार्सल मागायचे होते आणि जो पहिला पोहोचेल त्यालाच ते मिळणार होते. पत्ते बेकऱ्यांचे निघाले. दुकानदाराने हातात खोका दिला आणि खोक्यात केक होता. केकवर आयसिंगने एक फोन क्रमांक लिहिलेला होता. चाहत्याने तो क्रमांक लावला, तर केकच्या आतूनच घंटी ऐकू येऊ लागली. केक फोडल्यावर पोलीस पुरावा ठेवतात तशी प्लास्टिकची पिशवी निघाली, तिच्यात मोबाईल फोन, त्याचा चार्जर आणि जोकरचा पत्ता होता. फोन जवळ ठेवा आणि चार्ज करत राहा, असा आदेश होता.

यातले नाट्य उघड आहे, पण त्याची रचना अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. केक २२ जणांनाच मिळाला. तरीही प्रत्येक शहरातून पार्सल उचलले गेल्याशिवाय पुढचे दार उघडणार नव्हते, त्यामुळे उरलेले सगळे जण संगणकापुढे बसून एकेका शहरावर लक्ष ठेवून होते. चाहत्यांनी केकची, फोनची आणि आयसिंगने माखलेल्या बोटांची छायाचित्रे टाकली. एखाद्या शहरात कोणी पोहोचत नसेल, तर तिथल्या परिचितांना पाठवण्याची धडपड इतरांनी करायची, अशीच ही मांडणी होती. जोकर हा या खेळात केवळ चित्रपटातील खलनायक उरला नाही. तो माणसे कामाला लावणारा म्होरक्या झाला आणि चाहते त्याच्या टोळीचे हस्तक झाले. पुढे पडद्यावर जोकर नेमके हेच करताना दिसतो. जाहिरातीतली कृती आणि चित्रपटातील पात्राचा स्वभाव यांचा असा मेळ मला इतर मोहिमांत क्वचितच आढळला आहे.

मोबदला म्हणून चित्रपटाचा सुरुवातीचा प्रवेश आयमॅक्स पडद्यावर आधी पाहण्याची संधी मिळाली. हा प्रवेश बँकेवरील दरोड्याचा आहे. १४ डिसेंबर २००७ पासून ‘आय ॲम लेजंड’ या दुसऱ्या चित्रपटाच्या आयमॅक्स खेळांना तो जोडून दाखवला गेला. मे महिन्यातील काळ्या पानावरचा डिसेंबरचा वायदा असा पाळला गेला. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने काही प्रवेश आयमॅक्स कॅमेऱ्याने चित्रित केले होते, त्यामुळे हे सहा-सात मिनिटांचे दर्शन म्हणजे त्या मोठ्या पडद्याचीही जाहिरात होती.

भारतातील चाहत्यांच्या दृष्टीनेही मी हे टिपून ठेवले. पुण्या-मुंबईच्या चाहत्याला संकेतस्थळावरची कोडी खुली होती, पण बेकऱ्या मात्र अमेरिकेतच होत्या. म्हणजे आपण सगळे दुसऱ्या रकान्यातले : कंपनीच्या दाव्यानुसार ७५ हून अधिक देशांतील एक कोटीपेक्षा जास्त लोक या मोहिमेत सामील झाले. त्या आकड्यात ‘सामील’ या शब्दाखाली केक उचलणारा आणि केकचे छायाचित्र पाहणारा हे दोघेही येतात, हे अहवालात स्पष्ट लिहावे लागेल.

१० फेब्रुवारी २०२५

कालच्या नोंदीला पुरवणी. ३१ जानेवारी २००७ रोजी बॉस्टन शहरात एका दूरचित्रवाणी कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी पुलांखाली आणि भिंतींवर लावलेल्या दिव्यांच्या पाट्या बॉम्ब समजल्या गेल्या. रस्ते बंद झाले, बॉम्बशोधक पथके आली, संबंधित कंपन्यांना २० लाख डॉलर भरावे लागले आणि कार्टून नेटवर्कच्या प्रमुखाने राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केकच्या आत वाजणारा फोन ठेवणे हे धाडसच म्हणायचे. मात्र फरक लक्षात घेण्याजोगा आहे. केक रस्त्यावर बेवारस सोडलेला नव्हता. तो दुकानाच्या आत होता, दुकानदार विश्वासात घेतलेला होता आणि नाव सांगितल्याशिवाय तो हाती पडत नव्हता. अशा मोहिमांना आपोआप पसरणाऱ्या म्हणायची पद्धत आहे, पण प्रत्यक्षात त्यांमागे परवानग्या, करार आणि माणसांची नेमणूक यांचा मोठा व्याप असतो.

२१ फेब्रुवारी २०२५

२२ जानेवारी २००८ रोजी हीथ लेजरचे न्यू यॉर्कमध्ये निधन झाले. तो २८ वर्षांचा होता. तोपर्यंतची सगळी मोहीम त्याच्या चेहऱ्याभोवती फिरत होती. स्टुडिओने अधिकृत संकेतस्थळावर श्रद्धांजली दिली, मोहिमेच्या पानावरील चाहत्यांच्या छायाचित्रांवर काळी फीत लावली आणि जोकरवरील भर कमी केला.

फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा हालचाल सुरू झाली ती हार्वी डेंटच्या प्रचारातून. मार्चपासून ‘डेंटमोबाईल’ असे टोपणनाव मिळालेल्या प्रचारगाड्या शहराशहरांत फिरल्या आणि चाहते फलक घेऊन घोषणा देत उभे राहिले. तो काळ अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकांचा होता. खऱ्या उमेदवारांच्या सभा आणि या खोट्या उमेदवाराची गाडी एकाच हंगामात रस्त्यावर होती. जोकर नाही, तरी कथा थांबली नाही, कारण मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून डेंट तिच्यात होता. एकाच चेहऱ्यावर सारा डोलारा उभारला असता, तर तो कोसळला असता.

१ मार्च २०२५

आकड्यांचे प्रकरण. पहिल्या तीन दिवसांत ‘द डार्क नाईट’ने अमेरिका आणि कॅनडात १५.८४ कोटी डॉलर मिळवले आणि ‘स्पायडर-मॅन ३’चा १५.११ कोटींचा विक्रम मोडला. जगभरची कमाई पुढे १०० कोटी डॉलरच्या वर गेली. याच मालिकेतील २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’ची जगभरची एकूण कमाई ३७ कोटींच्या आसपास होती. २००९ मध्ये कान येथील जाहिरात महोत्सवात मोहिमेला सायबर विभागाचे ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, मिळाले.

हे आकडे एकाखाली एक लिहिले की मोहिमेमुळेच गल्ला भरला असे वाचणाऱ्याला वाटते, आणि व्यवस्थापनाच्या सादरीकरणांत ते तसेच मांडले जाते. मला हे मान्य नाही. ‘बॅटमॅन बिगिन्स’ने मधल्या तीन वर्षांत घराघरांत मिळवलेली पसंती, लेजरच्या मृत्यूनंतर त्याच्या अखेरच्या मोठ्या भूमिकेबद्दल दाटलेले कुतूहल, आणि मुळात चित्रपटाचा दर्जा या तिन्ही गोष्टी बाजूला काढून मोहिमेचा वाटा मोजणे शक्य नाही.

उलट उदाहरण हाताशी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये आलेल्या ‘स्नेक्स ऑन अ प्लेन’बद्दल इंटरनेटवर प्रदर्शनापूर्वी प्रचंड गाजावाजा झाला होता. चाहत्यांनी गाणी, नकली पोस्टर आणि चित्रफिती केल्या, स्टुडिओने त्यांच्या मागण्यांकडे पाहून जादा प्रवेशही चित्रित केले. तरी पहिल्या आठवडाअखेरीस तिकीटबारीवर सुमारे दीड कोटी डॉलर आले. तिथे चाहत्यांनी हसण्यासाठी जे केले, त्यातच त्यांचे समाधान झाले होते. चित्रपट पाहायला जाण्याची निकड उरली नव्हती. ‘व्हाय सो सीरियस?’मध्ये मात्र प्रत्येक टप्प्याने काहीतरी राखून ठेवले. केक मिळाला तरी जोकरचा पूर्ण प्रवेश मिळाला नाही, दरोडा पाहिला तरी पुढची कथा कळली नाही. उत्सुकता भागवायची नाही, वाढवतही न्यायची, पण ती तुटू द्यायची नाही, हा तोल या मोहिमेने शेवटपर्यंत सांभाळला. अहवालाचे मुख्य प्रतिपादन इथून उभे करता येईल.

१२ मार्च २०२५

पुढच्या चित्रपटाच्या मोहिमेची थोडक्यात नोंद. मे २०११ मध्ये ‘द डार्क नाईट रायझेस’च्या संकेतस्थळावर फक्त एका घोषणेसारख्या मंत्रघोषाचा आवाज होता. चाहत्यांनी त्या ध्वनीचा आलेख काढला, तेव्हा त्यात ट्विटरचा एक हॅशटॅग दिसला. तो वापरणाऱ्यांच्या छोट्या छायाचित्रांतून बेन या खलनायकाचा चेहरा साकारला. तत्त्व २००७ च्या ठिपक्यांचेच, पण ई-मेलऐवजी आता ट्वीट. त्यामुळे काम करणारा आणि पाहणारा हे दोन रकाने एकमेकांत मिसळले : ट्वीट करणे हेच काम आणि तेच प्रदर्शन. घराबाहेर पडण्याची गरज संपली. माझ्या मते मोहिमेचा दमही इथेच थोडा कमी झाला.

त्याच वर्षी मुंबईत तयार झालेल्या ‘रा. वन’ची जाहिरात तुलनेसाठी घेतली. क्रिकेट विश्वचषकाच्या दरम्यान टीझर आले आणि दिवाळीपर्यंत शाहरुख खान स्वतः जवळपास सर्वत्र दिसत राहिला. आपल्याकडे सुपरहिरोपेक्षा तारा मोठा असतो, त्यामुळे चेहरा लपवून ठेवण्याची युक्ती इथे चालणारच नाही. ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात तोच दाखवायचा नाही, हे वितरकाला पटणे कठीण आहे. ही तुलना एका पानापलीकडे नेणार नाही, कारण मग विषय दुसराच होईल.

२० मार्च २०२५

मॅडमनी तक्ता पाहिला. त्यांनी एकच हरकत घेतली : मोबदल्याच्या रकान्यात मी फक्त चाहत्यांना मिळालेल्या गोष्टी लिहिल्या आहेत, स्टुडिओला प्रत्येक टप्प्यावर काय मिळाले ते नाही. त्यानुसार चौथा रकाना जोडला. मे २००७ समोर ‘ई-मेल पत्ते’, हॅलोविनसमोर ‘घरचे टपालाचे पत्ते आणि चेहऱ्यांची छायाचित्रे’, डिसेंबरसमोर ‘बातम्या, आणि हस्तकांच्या हाती दिलेले फोन’, फेब्रुवारी २००८ समोर ‘फोन क्रमांक’. जुन्या संकेतस्थळांपैकी बहुतेक बंद झाली असल्याने इंटरनेट अर्काइव्हवर जतन झालेल्या प्रतींमधून त्या पानांवरील अर्ज तपासत आहे. कोणत्या पानावर कोणती माहिती भरणे सक्तीचे होते, तेवढे नोंदवून झाले की चौथा रकाना पूर्ण होईल आणि अहवालाचे तिसरे प्रकरण लिहायला घेता येईल.